किल्ली बदलणाऱ्या म्हात्रे मॅडम

आमच्या ऑफिसात म्हात्रे मॅडमच्या दोन खुर्च्या होत्या. म्हणजे कंपनीने एकच दिली होती. महाप्याच्या आमच्या इमारतीत मधल्या भिंती पाडून नवी मांडणी झाली, तेव्हा मॅडमची जागा खिडकीजवळून उचलून पार मागे, पाण्याच्या मशीनशेजारी गेली. बाकीच्यांनी सामान उचललं, मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या आणि नव्या जागी जाऊन बसले. मॅडम मात्र सकाळी जुन्या जागी बसायच्या आणि जेवणानंतर नव्या. जुन्या जागेवर तोवर मार्केटिंगच्या एक बाई आल्या होत्या. मॅडम त्यांच्या शेजारी स्टूल टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करायच्या. त्या बाई बिचाऱ्या आठवडाभर भिंतीला चिकटून टाईप करत होत्या.

शेवटी मी विचारलं, "मॅडम, तुमची जागा बदलली ना?"

"बदलली की. पण ज्यांना जुनीच माहितीये त्यांनी कुठे जायचं?"

"येतील शोधत."

"शोधत कुणी येत नाही, साळवी. माणूस एकदा येतो, खुर्ची रिकामी बघतो आणि म्हात्रे नोकरी सोडून गेली असं समजून परत जातो. पसरू द्या जरा."

'पसरू द्या जरा' हे त्यांचं पालुपद. बातमी असो, बदली असो, कुणाचं लग्न ठरलेलं असो, आधी ते पसरू द्यायचं आणि मग पुढचं पाऊल टाकायचं. ऑफिसात त्यांना पाठीमागे 'थांबा मॅडम' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. हे नावसुद्धा त्यांनी पसरू दिलं होतं.

वनिता म्हात्रे ह्या आमच्या कंपनीत किल्ल्या सांभाळायच्या. लोखंडाच्या नव्हे. इंटरनेटवर प्रत्येक वेबसाइटला नाव असतं आणि ते नाव विचारलं की पत्ता सांगणारी यंत्रं असतात. सांगणारा खरा की भामटा हे ओळखू यावं म्हणून त्या उत्तरावर एक सही असते. ती सही ज्या किल्लीने होते, ती अधूनमधून बदलावी लागते, नाहीतर कुणीतरी नक्कल करायला शिकतो. बँकेत आपल्या सहीचा नमुना असतो ना, तसा ह्या किल्लीचा नमुना वरच्या कचेरीत ठेवलेला असतो.

किल्ली बदलणं अवघड नाही. अडचण पुढे आहे. जगभरातली यंत्रं एकदा मिळालेलं उत्तर काही काळ लक्षात ठेवतात, प्रत्येक वेळी नव्याने विचारत बसत नाहीत. आपण किल्ली बदलली आणि त्यांच्या डोक्यात अजून जुनीच असली, तर त्यांना वाटतं दारात भामटा उभा आहे. मग दार बंद. वेबसाइट जागेवर असते, चालू असते, फक्त लोकांना दिसत नाही. आणि लोकांना दिसली नाही की ते फोन करतात. ते फोन घेणं हे माझं काम. म्हणून मॅडमच्या थांबण्याची किंमत त्या ऑफिसात माझ्याएवढी कुणाला कळत नव्हती.

त्यांची रीत ठरलेली होती. नवी किल्ली आधी नुसती दाखवून ठेवायची, वापरायची नाही. सगळीकडे तिची ओळख झाली की तिने सही सुरू करायची. जुनी तरीही काढायची नाही. तिची आठवण सगळीकडून पुसली गेली, की मग ती हळूच उचलायची. एकदा साहेब तपासणीच्या धास्तीने त्यांच्या टेबलाशी आले. म्हणाले, "म्हात्रे, ही जुनी किल्ली अजून का दिसते? वापरात तर नाही."

"आपण नाही वापरत सर. पण कुठेतरी कुणीतरी अजून तिच्यावर विसंबून आहे."

"कोण?"

"ते कळायचा मार्ग नाही. म्हणून तर थांबायचं."

साहेबांनी एकदा पडद्याकडे पाहिलं आणि ते चहा प्यायला गेले.

ही सवय ऑफिसात संपत नव्हती. कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा चहा पांचट व्हायला लागला म्हणून मॅडमनी दुसरा धरला, पण पहिल्याकडेही जात राहिल्या. कित्येक दिवस दोन दोन चहा पीत होत्या आणि ॲसिडिटीची गोळी घेत होत्या. पहिला एके दिवशी आपणहून म्हणाला, "मॅडम, आप उधरवालेका पीते हो ना? मेरेको चलता है." मग त्या सुटल्या. मी जुईनगरहून सानपाड्याला राहायला आलो, तेव्हा पेढे घेण्याआधी त्यांनी मला विचारलं, "जुन्या सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवलंत का, कुठे गेलात ते?" मी नव्हतं सांगितलं. त्यांनी पेढा हातात धरून ठेवला, तोंडात घातला नाही. संध्याकाळी मी स्कूटर जुईनगरला वळवली.

मॅडम मूळच्या पनवेलकडच्या. लग्न होऊन तळवलीला आल्या. नवरा काविळीने गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात त्या आणि सासू, दोघीच. शेती पूर्वीच गेलेली, गावातल्या जागेवर तीन मजली घर उभं होतं, वर भाडेकरू आणि खाली ह्या दोघी. एवढं आम्हाला माहीत होतं. त्याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मग एका सोमवारी जगदाळ्यांचा फोन आला.

सूर्यकांत जगदाळे हे कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाटा चालवायचे. माल भरलेला ट्रक ज्यावर चढवून तोलतात, तो काटा. तिथल्या काटेवाल्यांची एक संघटना होती आणि हे तिचे सचिव. संघटनेची वेबसाइट त्यांनी दुसरीकडून उचलून आमच्याकडे आणली होती. जुन्या कंपनीने नमुना न बदलता आपली किल्ली काढून घेतली आणि वेबसाइट अर्ध्या जगातून गायब झाली.

"साहेब, माझ्या फोनवर दिसती," जगदाळे मला म्हणाले, "मुनिमाच्या फोनवर दिसत नाही. त्याला मी तीनदा शिव्या घातल्या. आता कळंना, चूक कुणाची."

मी फोन मॅडमकडे दिला. त्यांनी नीट समजावून सांगितलं. वरच्या कचेरीत नवा नमुना द्यायला लागेल, तो मालकाच्याच खात्यातून जातो, म्हणजे तुम्हालाच द्यावा लागेल. तो मी तुमच्याकडून आत्ता भरून घेते. पण त्यानंतरही लगेच दिसणार नाही. जुना नमुना सगळ्यांच्या डोक्यातून जाईपर्यंत थांबावं लागेल.

इथे पलीकडून आरडाओरडा सुरू होतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. मी कानाला हेडफोन लावून तयारीत बसलो होतो. पलीकडून जगदाळे म्हणाले, "थांबतो की."

मॅडमना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "थांबाल?"

"आमचा धंदाच तो आहे, मॅडम. ट्रक काट्यावर चढला की आकडा नाचतो. ड्रायव्हर बोंबलतो, घे लवकर. पण काटा ठरल्याबिगर वाचलेलं वजन खोटं असतंय."

मॅडमनी फोन ठेवला आणि खिडकीजवळून लांबच्या पाण्याच्या मशीनकडे बघत बसल्या. जेवणाची सुट्टी झाली तरी त्या दिवशी त्या खुर्ची बदलायला विसरल्या.

वेबसाइट परत दिसायला लागली, तेव्हा जगदाळे साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन ऑफिसात आले. उंच, सावळे, पन्नाशीचे. बायको जाऊन काही वर्षं झालेली. खुर्चीत ते फार हळू बसायचे, खुर्ची तोलून बघितल्यासारखे. पुढे त्यांच्या किल्लीचं काहीही निघालं की मॅडम म्हणायच्या, "फोनवर नको, समक्ष या." फोनवर होणारं काम होतं. मी हे फक्त नोंदवून ठेवलं.

पुढच्या थंडीत मॅडमनी मला विचारलं, "साळवी, रविवारी जेवायला या ना आमच्याकडे. मिसेसना पण आणा. जगदाळ्यांना बोलावलंय."

मी आणि माझी बायको गेलो. तळवलीचं ते घर रस्त्यापासून आत, दोन्ही बाजूंनी उंच इमारतींच्या मध्ये दबलेलं. ओट्यावर एक म्हातारी बसली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत, नाकात नथीचं भोक मोठं झालेलं. हीच मॅडमची सासू. तिने आम्हा सगळ्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"हपिसातली मानसा हाय का?"

"हो आई. हे साळवी, ह्या त्यांच्या मिसेस. आणि हे जगदाळे, मी सांगते ना, ते वजनकाट्याचे."

म्हणजे जगदाळ्यांचं नाव घरात आधीच पोचलं होतं. जेवताना लक्षात आलं, म्हातारीला त्यांच्या काट्यावरचे किस्सेसुद्धा ठाऊक होते. कुठल्या ड्रायव्हरने वजन वाढवायला ट्रकमध्ये स्वतः झोपून घेतलं, ते तिनेच जगदाळ्यांना सांगितलं. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, बोंबलाचं कालवण. जगदाळे घाटावरचे, माशाशी त्यांची झटापट चालली होती. म्हातारी गालात हसत होती.

पुढच्या रविवारी पुन्हा आम्ही. मग मी एकटा आणि जगदाळे. मग मला बोलावणं येईना, पण सोमवारी मॅडमच्या डब्यात कंदी पेढा दिसायचा. जगदाळ्यांनी घरातली पाण्याची मोटर दुरुस्त केल्याचं कळलं. नंतर गच्चीवरची गळकी टाकी. नंतर म्हातारीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणल्याचं. नवऱ्याचा फोटो भिंतीवर जिथे होता तिथेच होता. त्याच्या हाराची फुलं जगदाळे वाशीच्या बाजारातून आणू लागले होते, हे मला माझ्या बायकोने सांगितलं. तिला मॅडमनी सांगितलं होतं.

अशी दोन वर्षं उलटून गेली. एकदा कळंबोलीला माझं काम निघालं म्हणून मी जगदाळ्यांच्या काट्यावर थांबलो. चहा आला. ट्रक चढत उतरत होते. त्यांनी एका ट्रकची पावती फाडून ड्रायव्हरला दिली. मग म्हणाले, "साळवी साहेब, मी त्यांना विचारलंय. लग्नाचं. त्या हो म्हणाल्यात."

मी अभिनंदन करायला हात पुढे केला.

"थांबा. हो म्हणाल्यात, पण वर्ष झालं. मी काट्यावर चढून उभा आहे आणि आकडा काही ठरंना. मी थांबणारा माणूस आहे. पण वय तर थांबत नाही. तुम्ही एकदा विचारून बघा, त्यांचं अडलंय कशात."

असल्या कामाचा मला सराव नाही. दोन दिवस घालवले. मग एका दुपारी पाण्याच्या मशीनशी बाटली भरत मी विचारलं, "मॅडम, जगदाळे भेटले होते."

त्यांनी लॅपटॉप मिटला. मी त्यांना काम चालू असताना लॅपटॉप मिटताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला सांगते, साळवी. हे गेले ना, तेव्हा तेराव्यानंतर माहेरची माणसं मला न्यायला आली. टेम्पो घेऊनच आली होती. माझी पेटी वगैरे. आई एक शब्द बोलल्या नाहीत. अडवलं नाही, रडल्या नाहीत. आत गेल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. मी आत डोकावून बघितलं. ताटात दोघींपुरते तांदूळ घेतले होते. मी बाहेर येऊन भावाला म्हटलं, टेम्पो परत ने."

बाटली भरून वाहतेय हे माझ्या लक्षात आलं नाही. त्यांनीच हात लांब करून नळ बंद केला.

"आता मी लग्न केलं तर मी त्यांची कोण? मुलाची बायको म्हणून मी सून. मुलगा नाही, आणि त्याची बायको दुसऱ्याची झाली. मग ह्या नात्याला काय म्हणायचं? शब्दच नाही. उद्या सकाळी त्या मला हाक मारताना अडखळल्या तर? एक दिवस जरी त्यांना वाटलं, की ही पण निघाली, तर काय करू मी?"

"त्यांना विचारलंत का?"

"नाही. विचारलं की त्या हो म्हणतील. अडवायच्या नाहीतच त्या. मला त्यांचा हो नकोय, साळवी. मला त्यांना भीती वाटायला नकोय."

जगदाळ्यांना मी फोनवर एवढंच सांगितलं की त्यांचं अडलंय ते तुमच्यापाशी नाही. ते म्हणाले, "आईपाशी असणार." मग म्हणाले, "मग बरोबर आहे त्यांचं."

त्यानंतर महिना दोन महिने गेले असतील. एका रविवारी माझ्या बायकोने मॅडमसाठी कोकमं दिली, गावाहून आलेली, ती द्यायला मी तळवलीला गेलो. दुपार होती. म्हातारी ओट्यावर परात घेऊन मासळी साफ करत बसली होती. जगदाळे बाहेर शिडीवर चढून ओट्यावरच्या पत्र्याच्या पन्हळीत अडकलेला पाला काढत होते. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी ओट्याच्या कडेला टेकलो.

तेवढ्यात गल्लीतून एक बाई आल्या. गावातल्याच, पण बरीच वर्षं लेकाकडे डोंबिवलीला राहिलेल्या, असं त्यांच्या बोलण्यावरून कळलं. म्हातारीशी त्यांच्या गुडघ्यांच्या गप्पा झाल्या. मग त्यांची नजर शिडीवर गेली. वरचा माणूस भाडेकरू वाटत नव्हता, गडीही वाटत नव्हता.

"ह्यो कोन गो?"

म्हातारीने मान वर केली नाही. बोंबलाचं डोकं मोडलं आणि बाजूला टाकलं.

"जावय हाय माजा."

"जावय? तुना पोर कवा व्हती?"

"हाय ना. आत भाकऱ्या करतंय ती."

त्या बाईंनी दारातून आत डोकावून पाहिलं. जरा उभ्या राहिल्या, मग येते म्हणून निघून गेल्या. शिडीवर जगदाळ्यांचा हात पन्हळीत तसाच राहिला होता. आत भाकरीचा आवाज थांबला होता. करपल्याचा वास ओट्यापर्यंत आला, तरी कुणी उठलं नाही.

मॅडम दारात आल्या. हाताला पीठ होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, शिडीकडे पाहिलं नाही. सासूच्या शेजारी खाली बसल्या.

"आई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाला कशाला लागतंय? डोले हाय मना अजून." म्हातारीने दुसरा बोंबील उचलला. "कवापासना वाट बगतंय मी, तू सांगशील म्हनून. तू काय बोलत नाय. मग मीच म्हनलं, ऱ्हाव दे, पोरीच्या मनाचा होव दे आदी. घाई नको कराला."

म्हणजे त्या घरात थांबणाऱ्या दोघी होत्या. मॅडम मात्र थांबणं ही नोकरीत शिकलेली विद्या समजत होत्या. मला तिथून उठून जायला हवं होतं, पण उठलो असतो तर आवाज झाला असता.

"मी कुठे जाणार नाही, आई," मॅडम म्हणाल्या. "ते इथेच राहायला येतो म्हणतात."

"मंग येव दे ना. कोन नको बोललाय? मासं खायला शिकव त्याला जरा."

मॅडमनी हसल्यासारखं केलं आणि ते हसू अर्ध्यात मोडलं. इतक्या वर्षांत ऑफिसात मी त्यांना कधी घाईत पाहिलं नव्हतं, रागावलेलं पाहिलं नव्हतं, रडताना तर नाहीच. त्यांनी वाकून म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवलं. परात बाजूला सरली, पाणी ओट्यावर सांडलं. म्हातारीचे दोन्ही हात मासळीच्या पाण्याने भरलेले होते. ते तिने सुनेच्या धुतलेल्या केसांना लागू नयेत म्हणून वर, लांब धरले. आणि मग मनगटाची मागची, कोरडी बाजू ती तिच्या डोक्यावरून फिरवत राहिली.